वरून एवढंसंच

बोअरचा लोखंडी पाइप वर काढताना ११,००० व्होल्टच्या तारेला टेकला, की झालं. असा रुग्ण पुष्कळदा शुद्धीवर असतो, बोलतही असतो. तळहाताला कोरडी, खोलगट, राखाडी जखम. करंट बाहेर पडला तिथे, तळपायाला, दुसरी. सोबतचे म्हणतात, "डॉक्टर, एवढंसंच भाजलंय, मलम लावून सोडा की."

टक्केवारी काढली तर तीन-चारच भरते. पण ती कातडीची. डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयातल्या चार्ल्स बॅक्स्टर यांनी १९६८ साली मांडलेलं सलाइनचं सूत्र, दर किलोला, भाजलेल्या दर टक्क्याला ४ मिली, ज्वाळेने भाजलेल्यासाठी आजही कामाचं आहे. विजेच्या रुग्णाला त्याच हिशोबाने पाणी दिलं तर मूत्रपिंडं धोक्यात येतात. हाड तापतं आणि त्याला लागून असलेले खोल स्नायू मरतात. वरचे मात्र धडधाकट दिसतात.

म्हणून ईसीजी झाला की मी लघवीची पिशवी बघतो. कोऱ्या चहासारखी गडद असेल, तर मेलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन उतरतंय. मग सूत्र बाजूला. ताशी १०० मिलीच्या आसपास लघवी होईल इतकं सलाइन, रंग निवळेपर्यंत.

नंतर बोटं. दुमडलेली बोटं हळूच सरळ करायची. तेवढ्यानं तो कळवळला आणि हात टणक लागला, तर सूज आत कोंडलीय. नाडी लागतेय म्हणून निर्धास्त झालेले ज्युनियर दर बॅचला भेटतात. नाडी जाते ती अगदी शेवटी! दाब मोजायचं यंत्र असतं, ३० मिमीचा आकडाही सगळ्यांना पाठ असतो. पण चित्र स्पष्ट असताना मध्यरात्री यंत्र शोधत बसणं मला पटत नाही. फॅसिओटॉमी करायची. कोपरापासून तळव्यापर्यंत चीर, स्नायूंवरचं आवरण मोकळं. जिवंत स्नायू कॉटरी लागताच आकसतो, मेलेला हलत नाही. त्रास देतात ते अधलेमधले: आज गुलाबी, परवा करडे. त्यांना लगेच कापायचं नाही. ४८ तासांनी पुन्हा थिएटर.

नातेवाइकांना हे पटवणं अवघड. एवढ्याशा चटक्याला अख्खा हात उघडा? मी सांगतो, "मावशी, परवा परत न्यावं लागेल, घाबरू नका. तोवर पिशवीतला रंग बघत राहा. गडद झाला की सिस्टरांना हाक मारा."

मावश्या हे काम चोख करतात. कधी कधी तर चार्ट भरायच्या आधीच हाक येते.