दगडाचा पत्ता

जीवाश्म म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो डायनोसॉरचा भलामोठा सांगाडा. असले काही पाहायचे तर दूरच्या संग्रहालयातच जायला हवे, अशी बहुतेकांची समजूत असते. त्यामुळे भिलाईलगतच्या कुरुदसारख्या वस्तीत एखाद्या मराठी गृहस्थाला दगड निरखण्याचा छंद जडला, तर घरचेच आधी हसतात. ‘‘इथे काय सापडणार? नुसती चुनखडी!’’

पण खरी गंमत त्या चुनखडीतच आहे. दुर्ग, भिलाई, रायपूर या साऱ्या भागाखाली चुनखडकाचे जाड थर पसरलेले आहेत. नंदिनीच्या खाणीतला असाच दगड भिलाईच्या पोलाद कारखान्याला पुरवला गेला. झोतभट्टीत हा दगड लोहखनिजातला नको असलेला भाग मळीच्या रूपाने वेगळा काढतो. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तिच्यासाठी लागणारा दगड मात्र १०० कोटी वर्षांहून जुना!

त्या काळी इथे उथळ समुद्र होता. मासे नव्हते, शंखशिंपले नव्हते, किनाऱ्यावर गवताचे पातेही नव्हते. होते ते डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव. त्यांच्या चिकट थरावर बारीक गाळ अडकायचा, चुना साचायचा. जीव पुन्हा उजेडाकडे वर सरकायचे, की पुढचा थर तयार. अशा थरांच्या घुमटांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. कोबीचा गड्डा मधोमध चिरल्यावर जशा एकात एक कमानी दिसतात, तशाच रेषा या दगडात दिसतात. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे येथे असे घुमट आजही वाढत आहेत.

हे ओळखायला पदवी लागते का? मुळीच नाही. नजर आणि चिकाटी मात्र लागते. नागपूरला १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप पेशाने धर्मप्रसारक आणि शिक्षक. खडक आणि जीवाश्म हा त्यांचा फावल्या वेळचा नाद. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह त्यांनी नागपूर परिसरातले खडक आणि जीवाश्म यांवर लिहिलेला लेख १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचेच नाव आहे. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ते पूर आलेल्या ओढ्यात बुडाले. पावसाळ्यात नदीनाल्यांशी धाडस करू नये, हा धडाही त्यांच्याच आयुष्यातून घ्यावा.

हिस्लॉप यांचे काम टिकले, कारण कोणता दगड कुठे मिळाला हे त्यांनी लिहून ठेवले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचेच पाहा. तिथे सापडणाऱ्या, दगड बनलेल्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचे वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतेच, ही तोवरची समजूत त्याने मोडली. तोच तुकडा कुणी शोभेसाठी उचलून कपाटात ठेवला असता आणि गाव विसरला असता, तर?

म्हणून हौशी माणसाचे पहिले हत्यार हातोडा नव्हे, तर वही. जागा, तारीख, कोणत्या थरात दिसले, आजूबाजूला काय आहे, हे सारे टिपून घ्यावे. आकार कळावा म्हणून शेजारी एखादे नाणे ठेवून फोटो काढावा. चुनखडकाची शंका असेल तर सुट्या तुकड्याच्या ताज्या भुकटीवर लिंबाचा रस पिळावा. बारीक बुडबुडे आले तर त्यात चुना आहे असे समजावे. खाणीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नये आणि जमिनीत पक्का असलेला नमुना फोडू नये. काही वेगळे दिसलेच, तर जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावे.

घाई आहे, हेही खरे. हा दगड भट्टीत जातो, सिमेंटमध्ये जातो, रस्त्यावर खडी होऊन पसरतो. त्यात गैर काही नाही. त्यावरच हजारो घरांच्या चुली पेटतात. पण एकदा फुटलेला थर पुन्हा जुळत नाही. तो फुटण्याआधी कुणीतरी पाहिला आणि दोन ओळी लिहून ठेवल्या, तर १०० कोटी वर्षांचा साक्षीदार निदान कागदावर तरी उरेल.