खारपाणातून सेवर्डला

अलास्कातल्या अँकरेजहून सेवर्डला जाणारा रस्ता १२७ मैलांचा आहे. म्हणजे दर्यापूरहून नागपूर गाठावं साधारण तेवढा. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला टर्नअगेन आर्म ही समुद्राची चिंचोळी, लांबच लांब शाखा. १७७८ साली कॅप्टन कुकची जहाजं इथून पुढे वाट मिळेल म्हणून आत शिरली आणि त्यांना मागे फिरावं लागलं, त्यावरून हे नाव. जूनमध्ये इथे रात्री अकरालाही उजेड असतो आणि लोक दर पाच मैलांवर फोटोसाठी थांबतात. आईबाबांना फोटोंचं फारसं नव्हतं. आम्ही चौघं, बायको गाडी चालवत होती, बाबा शेजारी, मी आणि आई मागे.

गर्डवूडच्या आसपास रस्त्यालगत मेलेल्या झाडांचं एक रान उभं आहे. पान नाही, साल नाही, नुसती चांदीच्या रंगाची खोडं. बाबा म्हणाले, "थांबव पोरी, गाडी थांबव." उतरले, कडेला गेले, बराच वेळ पाहत राहिले.

"खारं पाणी लागलं याले," ते म्हणाले.

मी फोनवर शोधलं. २७ मार्च १९६४ ला इथे ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला होता. उत्तर अमेरिकेत मोजला गेलेला सगळ्यात मोठा. जमीन साडेचार मिनिटं हलत होती. त्यात हा भाग काही फूट खाली बसला, भरतीचं पाणी मुळांपर्यंत पोचलं आणि झाडं उभ्या उभ्या मेली. मिठामुळे खोडं कुजलीही नाहीत, म्हणून साठ वर्षांनंतरही उभी आहेत. हे सगळं मी वाचून दाखवेपर्यंत बाबा गाडीत जाऊन बसले होते. त्यांच्यासाठी त्यात नवीन काही नव्हतं.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. जमीन काळी, भारी, बाहेरून आलेल्याला वाटावं की इथे सोनं पिकत असेल. पण विहीर खणली की खारं पाणी लागतं. ते पिकाला दिलं तर माती चोपण होते. ओली असताना लोण्यासारखी, वाळली की दगड. म्हणून कपाशी, तूर, मूग पावसावर, आणि जमिनीतल्या ओलीवर हरभरा. गावातले म्हातारे सांगायचे की इथे पूर्वी समुद्र होता. लहानपणी मला त्याचं फार अप्रूप वाटायचं, आमच्या गावाला समुद्रकिनारा होता म्हणून.

आईचं माहेर वरूडकडचं, संत्र्याच्या बागांतलं, गोड पाण्याचं. लग्न होऊन ती इथे आली आणि पहिल्याच दिवशी तिची तुरीची डाळ शिजली नाही. या पाण्यात डाळ शिजतच नाही, दाणा तसाच्या तसा राहतो. पुढची कितीतरी वर्षं तिने स्वयंपाकासाठी गोडं पाणी डोक्यावरून आणलं. तिचे गुडघे का गेले हे डॉक्टर वयावर ढकलतात. माझं मत वेगळं आहे.

या सहलीत आमच्यासोबत एक न संपलेलं भांडणही होतं. वावर विकावं असं माझं म्हणणं. पाच एकर, खर्च वाढता, उत्पन्न पावसाच्या मर्जीवर. मी एक्सेलमध्ये दहा वर्षांचा हिशेब मांडून दाखवला होता. बाबांना शेततळं करायचं होतं, प्लास्टिक अंथरून, पावसाचं गोडं पाणी साठवायला. सिअ‍ॅटलमध्ये ते दोन आठवडे या विषयावर एक शब्द बोलले नव्हते. आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे 'नाही'.

सेवर्ड हे गाव म्हणजे तीन हजारांच्या आतली वस्ती, समोर रेझरेक्शन खाडी, मागे बर्फाचे डोंगर. रशियाकडून १८६७ साली बहात्तर लाख डॉलरला अलास्का विकत घेणाऱ्या विल्यम सेवर्डचं नाव त्याला दिलंय. चौसष्टच्या भूकंपात इथला धक्क्याचा भाग समुद्रात घसरला, तेलाच्या टाक्या पेटल्या, वर त्सुनामी आली. लोकांनी गाव पुन्हा तिथेच उभारलं. बाबांनी हे दोनदा विचारून घेतलं: "तिथंच?"

भाड्याच्या घरात आईने बॅगेतून छोटा कुकर आणि घरून आणलेली तुरीची डाळ काढली. नळाचं पाणी आधी तोंडात घेऊन पाहिलं, मग डाळीत घातलं. दोन शिट्ट्यांत डाळ विरघळली. ती पळीने ढवळत म्हणाली, "पाय बरं, कशी लोणी झाली." त्या दिवशी बोटीतून व्हेल दिसला होता, पण गावाकडे फोन केला तेव्हा तिने आधी डाळीचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एक्झिट ग्लेशियर. मागे हार्डिंग नावाचं सुमारे सातशे चौरस मैलांचं बर्फाचं मैदान आहे, त्यातून निघालेल्या हिमनद्यांपैकी गाडीने जवळ जाता येईल अशी ही. १९६८ साली ते मैदान पार करणारे लोक इथून बाहेर पडले, म्हणून 'एक्झिट'. वाटेवर सालं लिहिलेल्या पाट्या आहेत: त्या त्या वर्षी बर्फ कुठवर होता ते दाखवणाऱ्या. १८१५ची पाटी बर्फापासून मैलभराहून दूर. मग १९१७, १९२६. पाटी आली की आई तिथे टेकायची, गुडघ्यासाठी. एकदा ती म्हणाली, "माह्या भावाच्या बोअरवानीच हाये हे." वरूडच्या मामाचा बोअर आधी तीनशे फूट होता, मग सातशे, आता हजाराच्या खाली, आणि बाग निम्मी वाळलेली.

"आपलं पाणी बरं," बाबा म्हणाले, "खारं हाये म्हून कोणी उपसत नाही." आई हसली नाही.

बहात्तरची पाटी मात्र नव्हती. बाबांनी शोधली. दुष्काळाच्या त्या साली ते सात वर्षांचे होते, आजी रोजगार हमीवर खडी फोडायला जायची.

२०१०ची पाटी आली तेव्हा मला वाटलं, आता बर्फ. पण बर्फ अजून बराच पुढे होता. त्या साली मी सातवीत होतो. खाली हिमनदीचं पाणी वाहत होतं, दगडाच्या पिठाने करडं झालेलं. आईने ओंजळीत घेतलं, चुन्याच्या निवळीसारखं दिसतं म्हणाली, आणि सोडून दिलं. बाबा त्या प्रवाहाकडे पाहत होते.

"किती दिवस पुरंल हे?"

मी म्हणालो, माहीत नाही, पण आटतंय.

"मंग यायनं साठवाले पायजे," ते म्हणाले. शेततळ्याबद्दल पूर्ण प्रवासात ते एवढंच बोलले, आणि तेही अमेरिकेला उद्देशून.

माझा हिशेब अजून तोच आहे. पाच एकरांत ते तळं कधी फिटणार नाही. फेब्रुवारीत हरभरा निघाल्यावर मी पैसे पाठवले. जेसीबीवाल्याने तीन दिवस घेतले. बाबांनी फोटो पाठवला त्यात खड्ड्याच्या काठावर आई खुर्ची टाकून बसलीय, डोक्यावर पदर, आणि प्लास्टिक अंथरायचं अजून बाकी आहे.