घरातली नजर आणि बाहेरची नजर



लोणची, पापड आणि वर्षाचं धान्य भरणं यावर मी इथे पुष्कळ लिहिलं. आजचा विषय जरा निराळा आहे. गेल्या महिन्यात तुमच्यातल्या दोघी-तिघींनी विचारलं, "फोनमध्ये क्रोम आहे तेच ठेवायचं की दुसरा ब्राउझर घ्यायचा? आणि आपल्यासारख्यांनी एवढी काळजी करावी का? आपल्याकडे लपवण्यासारखं असतंच काय?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. न्हाणीघराला आतून कडी असते, ती आत काही वाईट चाललेलं असतं म्हणून नाही. सुनेला दिवस गेले की पहिले तीन महिने आपण बाहेर बोलत नाही. मुलीची बोलणी पक्की होईपर्यंत शेजारीही कळू देत नाही. यात लपवाछपवी नसते. आपली गोष्ट कोणाला आणि कधी सांगायची, ते आपण ठरवतो एवढंच. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. तो खटला लढणारे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाची ऐंशी उलटल्यावर न्यायालयाचं दार ठोठावलं होतं. तेव्हा "आता या वयात हे कशाला" असं कोणी म्हणू नये.

आमच्या घरचीच एक गोष्ट सांगते. सांगायची परवानगी तिच्याकडून घेतली आहे. माझ्या धाकट्या जावेच्या छातीला गाठ लागली. तपासणी झाली. रिपोर्ट यायला आठ दिवस होते, आणि घरात मुलीची परीक्षा चालू होती. तोवर कोणाला सांगायचं नाही असं तिनं ठरवलं, मला तेवढं सांगितलं. दुपारी सगळे बाहेर गेले की ती घरच्या टॅबवर वाचत बसायची. चौथ्या दिवशी संध्याकाळची जेवणं लवकर आटोपली होती, सगळे बाहेरच्या खोलीत बसलेले. तिच्या मुलानं गणिताचं काही शोधायला टॅब घेतला आणि 'ग' टाइप केला. खाली आपोआप ओळ आली, 'गाठ दुखत नसेल तर कॅन्सर असतो का'. पोरानं ती मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "आई, हे कोणी शोधलं?"

नंतर स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, "अक्का, गाठीचं रडू मी इतके दिवस आवरलं होतं. माझ्याआधी टॅबनं सांगितलं, ते मात्र सोसलं नाही."

रिपोर्ट आला, गाठ साधी निघाली. पण पुढे कितीतरी दिवस तिनं पाककृतीचं पान उघडलं तरी बाजूला तपासणीच्या पॅकेजच्या जाहिराती यायच्या. तेव्हा मी आणि माझा भाचा दोन दुपारी बसलो आणि हे सगळं नीट समजून घेतलं. मला कळलं ते असं. आपल्यावर दोन प्रकारच्या नजरा असतात, एक घरातली आणि एक बाहेरची. एकीसाठी लावलेला पडदा दुसरीला अडवत नाही. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

घरातली नजर

ब्राउझर म्हणजे इंटरनेट पाहायची खिडकी. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, ब्रेव्ह ही त्या खिडक्यांची नावं. आपण काय पाहिलं याची यादी ही खिडकी ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी अक्षर टाकलं की उरलेलं ती सुचवते. फोन एकटीचा असेल तर ही सोय आहे. टॅब सगळ्या घराचा असेल तर तीच अडचण होते.

यावर उपाय सोपा आहे. क्रोममध्ये इनकॉग्निटो आणि बाकीच्यांत प्रायव्हेट नावाची वेगळी खिडकी उघडता येते. ती बंद केली की त्या वेळची यादी त्या यंत्रावर राहत नाही. आजाराबद्दल, पैशाबद्दल किंवा मनाला लागलेल्या कुठल्याही गोष्टीबद्दल वाचताना ती वापरा. शिवाय टॅबवर सगळ्या घराचं एकच गूगल खातं असेल, तर शोधलेलं त्या खात्यातही साठू शकतं. खात्याच्या सेटिंग्जमध्ये 'माय ॲक्टिव्हिटी' आहे. जुन्या नोंदी तीन महिन्यांनी आपोआप पुसल्या जाव्यात असं तिथे ठरवून ठेवता येतं.

बाहेरची नजर

बऱ्याच जणींना वाटतं, इनकॉग्निटो उघडलं म्हणजे जगात कोणालाच काही दिसत नाही. तसं नाही. ती संकेतस्थळं आणि इंटरनेट देणारी कंपनी यांना दिसायचं ते दिसतंच. याच समजुतीवरून २०२० मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात गूगलवर दावा झाला. दावा बिनबुडाचा आहे असं कंपनी म्हणत राहिली, पण २०२४ मध्ये तडजोड करताना अब्जावधी नोंदी नष्ट करायला ती तयार झाली.

या नोंदी होतात कशा? मुख्यतः कुकीमुळे. कुकी ही १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी काढलेली युक्ती. लाँड्रीवाला कपड्याला चिठ्ठी लावतो ना, तशी. दुकानानं आपल्याला लावलेली चिठ्ठी असते, म्हणून पिशवीत टाकलेली साडी दुसऱ्या दिवशीही तिथेच सापडते. इथवर ठीक आहे. पण साडीच्या दुकानात, पाककृतीच्या पानावर आणि आजाराच्या माहितीच्या पानावर एकाच जाहिरात कंपनीचा माणूस बसलेला असला, तर तो तिन्हीकडे आपल्याला तीच चिठ्ठी लावतो. आम्ही कॉमर्सला खतावणी शिकलो. दिवसभरातल्या सुट्या नोंदी एकेकाच्या नावाच्या खात्यावर चढवायच्या. इथे तेच चालतं, फक्त खातं आपल्या नावाचं आणि वही दुसऱ्याची. ही जी तिऱ्हाइताची चिठ्ठी, तिला थर्ड पार्टी कुकी म्हणतात.

मग ब्राउझर कोणता?

क्रोम गूगलचा, आणि गूगलची मोठी कमाई जाहिरातींची. तिऱ्हाइताच्या कुकी दोन वर्षांत बंद करू असं त्यांनी २०२० मध्ये सांगितलं होतं. २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. क्रोमच ठेवायचा असेल, तर सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज उघडून थर्ड पार्टी कुकीज स्वतः बंद करा.

आयफोनवाल्यांना सफारी पुरे. तो २०२० पासून या कुकी स्वतःहून अडवतो.

फायरफॉक्स मोझिला या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली आहे. २०२२ पासून संगणकावर तो प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी निराळ्या डब्यात ठेवतो. हळदीच्या डब्याचा हात साखरेच्या डब्याला लागत नाही, तसं. अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्ये 'यूब्लॉक ओरिजिन' ही जाहिराती गाळणारी जोडणी बसते, फुकट आहे. ब्रेव्हमध्ये असलं गाळणं आधीपासूनच बसवलेलं येतं.

धुतल्या तांदळासारखा कोणीच नाही. मोझिलाचं बरंचसं उत्पन्न गूगलचंच शोधयंत्र पुढे ठेवण्याबद्दल मिळतं, आणि ब्रेव्हचाही स्वतःचा जाहिरातींचा धंदा आहे. फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत कुठल्या बाजूला मांडली आहे, ते पाहून घ्यावं.

मी माझ्या फोनवर वाचन, पाककृती आणि औषधांची माहिती यांसाठी फायरफॉक्स ठेवला आहे. बँकेचं काम बँकेच्या ॲपमध्ये, आणि सरकारी कामं क्रोममध्ये. क्रोममध्ये दुसरं काही उघडत नाही.

लावून घ्यायच्या सवयी

एखादं पान "सूचना पाठवू का?" असं विचारतं, तिथे 'अलाऊ' दाबू नका. आधी दाबलं असेल तर साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स पाहून नावं काढून टाका. निम्म्या कटकटीच्या सूचना तिथूनच येतात.

फेसबुक-इन्स्टाग्रामवरची लिंक त्यांच्याच आतल्या खिडकीत उघडते. आपण निवडलेल्या ब्राउझरची राखण तिथे चालत नाही. तीन टिंबं दाबून ती आपल्या ब्राउझरमध्ये उघडा.

ठिकाणाची परवानगी नकाशाला द्या, भाजीच्या पाककृतीला कशाला?

पत्त्याशेजारचं कुलूप म्हणजे दुकानदार प्रामाणिक, असं समजू नका. वाटेत कोणी वाचणार नाही एवढंच ते सांगतं. चोरालाही कुलूप विकत मिळतं. लोकांचा हा गैरसमज होतो म्हणून क्रोमनं २०२३ मध्ये ते चित्रच काढून टाकलं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवा.

आणि एक गोष्ट कुठलाही ब्राउझर करू शकत नाही. आपण आपल्या हातानं दिलेलं तो परत आणत नाही. स्थळांच्या ग्रुपवर मुलींचे बायोडाटा फिरतात. त्यात फोटो, जन्मतारीख, जन्मवेळ, घरचा पत्ता, वडिलांचा नंबर, कधी पगारही असतो. ग्रुपमध्ये दोनशे माणसं, त्यातली आपल्या ओळखीची किती? मुलीला विचारल्याशिवाय तो कागद पुढे पाठवू नका. ग्रुपवर नाव, शिक्षण आणि गाव पुरे. बाकीचं बोलणी सुरू झाल्यावर, समोरच्या घराला द्यावं. मोफत तपासणी शिबिराच्या फॉर्मचंही तसंच. आधार क्रमांक कशाला हवा, ते आधी विचारा.

हे सगळं करायला अर्धा तास लागतो. स्वतःच्या फोनचं झालं की सासूबाईंच्या, आईच्या, शेजारच्या काकूंच्या फोनचंही करून द्या. मात्र फोन त्यांच्याच हातात राहू द्या, आणि कुठे बोट लावायचं ते तुम्ही शेजारी बसून सांगा. यादी पुसायची असेल तर न वाचता पुसा. चुकून एखादी ओळ दिसलीच, तर पाहिलंच नाही असं समजा आणि चहा टाकायला उठा. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल.