भिजल्या हवेतला पखवाज : कातड्याचा का फायबरचा?



आज सोयाबीन-कपाशी बाजूला ठेवून मंदिरातल्या विषयावर लिहितो. पण शेताशी संबंध आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा. आमच्या वाटूरच्या भजनी मंडळाला दिंडी आणि श्रावणातला सप्ताह यासाठी दुसरा पखवाज घ्यायचा होता. कातड्याचा घ्यायचा का फायबरच्या पानाचा, यावर मंडळात सरळ दोन तट पडले. वहीत शिल्लक ९,४०० रुपये, तेही लोकांच्या वर्गणीचे. हिशेब माझ्याकडे, म्हणून विचारपूस करायचं कामही माझ्याकडेच आलं. जे समजलं ते इथं मांडतो. बऱ्याच गावांत हाच प्रश्न आहे.

आधी ओलाव्याचं बोलू. सोयाबीन विकायला नेलं की पहिल्यांदा काय बघतात? ओलावा. हमीभाव केंद्रावर १२ टक्क्यांची अट असते. २०२४ च्या खरिपात सरकारनं ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, तेव्हा लोकांना जरा श्वास घेता आला. कपाशीचंही तेच. सीसीआय ८ टक्के ओलावा धरून भाव देते, वर गेला की कपात, आणि १२ च्या पुढं घेतच नाही. आपण माल वाळवून नेतो, तरी आभाळ आलं की रात्रीतून ओलावा वाढतो. पाऊस अंगावर पडायची गरज नाही. नुसती हवा दमट असली तरी दाणा, रुई, लाकूड, कातडं आणि केस ही सगळी हवेतली वाफ ओढून घेतात. कोरडी हवा आली की सोडतात. पखवाजाचं दुखणं नेमकं हेच आहे.

पखवाजाला दोन तोंडं. उजव्या बाजूला शाईची पुडी, डाव्या बाजूला धुमी. पुडी शेळीच्या कातड्याची, आणि तिला ताणून धरणारी वादीही कातड्याचीच. म्हणजे ताण देणारं आणि ताण घेणारं दोन्ही ओलावा पिणारं. आषाढात पहाटे हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर जाते. तेव्हा पुडी जड होते, वादी सैल पडते आणि सूर खाली उतरतो. पेटीच्या काळी एकला लावलेला पखवाज अभंग संपेपर्यंत तिथं राहत नाही. मग गठ्ठे ठोका, गजऱ्यावर हातोडी मारा. दुपारी ऊन पडलं की तेच कातडं आवळतं आणि सूर वर चढतो. भिजलेलं असताना जास्त ठोकून ठेवलं तर वाळताना पुडी फाटते. शाईतही लोखंडाचा कीस आणि भाताची खळ असते. खळ सादळली की शाईला भेगा पडतात, टवके निघतात. धुमीला आपण कणीक लावतो, ती उन्हाळ्यात लवकर वाळते आणि पावसाळ्यात चिकचिक करते.

आता कोणी म्हणेल, मग प्लास्टिकचं पान लावा आणि मोकळे व्हा. इथं शाईचं महत्त्व समजून घ्यायला पाहिजे. साध्या ताणलेल्या पानावर थाप मारली तर नुसता आवाज येतो, सूर येत नाही. डबा वाजवल्यासारखं होतं. आपल्या तबल्या-मृदंगावर मधोमध शाईचं वजन असल्यामुळं त्यातले वेगवेगळे कंप एकमेकांशी जुळतात आणि गळ्यासारखा स्वच्छ सूर निघतो. हे शास्त्रानं दाखवून दिलं ते सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी. १९२० साली त्यांनी यावर लेख छापला होता, म्हणजे नोबेल मिळायच्या दहा वर्षं आधी. आपल्या जुन्या कारागिरांनी हे कोणतंही गणित न मांडता हातानं साधलं होतं. सांगायचं एवढंच, की फायबरच्या पानावर नीट बसवलेला शाईचा थर नसेल तर तो पखवाज नाही.

परदेशात ड्रमवाल्यांना हीच अडचण होती. त्यांची पानं वासराच्या कातड्याची. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत रेमो बेली नावाच्या ड्रम वाजवणाऱ्यानं पॉलिस्टरच्या फिल्मची पानं बाजारात आणली. दवाखान्यातली एक्स-रेची फिल्म ज्या पदार्थाची असते तोच हा. पाणी जवळपास पीतच नाही. तिकडं बघता बघता कातडं मागं पडलं. आपल्याकडं शाईमुळं काम अवघड होतं. बंगळूरचे डॉ. के. वरदरंगन हे पेशानं अभियंता. त्यांनी दक्षिणेच्या मृदंगासाठी कृत्रिम पान आणि कृत्रिम शाई तयार केली. आता ढोलकी, तबला, पखवाज सगळ्यांनाच अशी पानं मिळतात. गुणवत्तेत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तारेच्या वाद्यांचंही असंच. किंगरी, सारंगी, व्हायोलिन यांच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात. दमट हवेत केस लांबतो, गज ढिला पडतो, वरून लावलेली राळ नीट धरत नाही. व्हायोलिनचा स्क्रू कितीही आवळला तरी पावसाळ्यात ताण पुरत नाही. म्हणून आता कार्बन फायबरची काठी आणि कृत्रिम केसांचे गज निघालेत. काठी वाकत नाही, केस लांबत नाही. पण मैफलीला बसणारे बरेच जण अजून लाकडी काठी आणि घोड्याचे केसच हातात घेतात, आणि दुसरा गज पावसापाण्यासाठी पेटीत ठेवतात. मला ही गोष्ट फार कामाची वाटली.

आता आमच्या मंडळाचं. पोरांचं म्हणणं, सगळंच फायबरचं घ्या. माझा पुतण्या दिंडीत पखवाज गळ्यात घालून चालतो. तो म्हणाला, "काका, अर्धी वाट मी पखवाज वाजवत नाही, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून नुसता वाहतो. पावसात टाळ एकटेच वाजतात." खोटं नव्हतं. दुसरीकडं आमचे मृदंगाचार्य तात्या. चाळीस वर्षांचा हात. ते म्हणाले, "लेका, फायबरवर बोट लगेच उसळतं. त्यावर शिकलेल्या पोराला कातड्यावर घुमारा काढताच येणार नाही." हेही खोटं नव्हतं.

तिसरी बाजू कोणी बोलत नव्हतं. आमच्याकडं पुड्या भरून देणारे एक कारागीर आहेत. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर असं दोनदा आसपासच्या गावांतल्या मंदिरांचं काम ते करतात. सगळ्या मंडळांनी फायबर घेतलं तर त्यांचा धंदा बसेल. आणि ते थांबले की जुने पखवाज दुरुस्त करायला कुठं न्यायचे? बैलजोड्या गेल्या तशी नांगर-वखर नीट करणारी माणसंही गेली. आता एखाद्याला लाकडी तिफण पाहिजे असेल तर सापडत नाही.

म्हणून भांडणापेक्षा तपासणी बरी. पहाटे दव असताना मंदिरात दोन्ही पखवाज आणून बसलो. फायबरवाला एका मंडळाकडून मागून आणला होता. चार गोष्टी बघितल्या.

एक, सूर. दोन्ही पेटीला लावून तासभर वाजवले. कातड्याचा दोनदा ठोकावा लागला, फायबरचा एकदाही नाही.

दोन, धुमी. इथं कातडं सरळ जिंकलं. डाव्या हातानं दाबून घुमारा वळवतात, तो फायबरवर तोकडा पडला. त्याला कणीक लावावी लागत नाही, आतून मसाला चिकटवलेला असतो, ही सोय. पण पोटातून येणारा आवाज कमीच.

तीन, लांबून कसं ऐकू येतं. मी आणि अजून दोघं मंदिराच्या बाहेर रस्त्यावर गेलो. टाळांच्या गजरात फायबरची थाप जास्त उठून आली. दिंडीला हे चांगलं. शांत अभंगाला तीच थाप टोचते.

चार, दुरुस्ती. फायबरचं पान फाटलं तर गावात काही होत नाही, पूर्ण पान बदलावं लागतं. नटबोल्टचा असेल तर पाना सोबत ठेवावा लागतो आणि बोल्टला गंज चढू द्यायचा नाही. कातड्याची पुडी आपला कारागीर भरून देतो.

यावरून ठरलं ते असं. नवा पखवाज फायबरचा, फक्त दिंडी आणि उघड्यावरच्या कार्यक्रमाला. वहीतले पैसे कमी पडले तेवढी वर्गणी पोरांनीच फिरून जमवली. मंदिरात सप्ताह, काकडा आणि पोरांची शिकवणी कातड्याच्या जुन्या पखवाजावरच. आणि त्या पखवाजाची पुडी दरवर्षी भरून घ्यायची, लागो न लागो, त्याचे पैसे वर्गणीत आधीच बाजूला काढायचे. तात्यांनी मान हलवली. पुतण्याला अट एकच, सहा महिने कातड्यावर हात बसला की मगच फायबर गळ्यात.

कातड्याचा पखवाज पावसाळ्यात सांभाळायचा असेल तर थोडं लक्षात ठेवा. हलगी शेकतात तसा पखवाज जाळावर शेकू नका, शाई तडकते. दूर ठेवलेल्या बल्बची ऊब किंवा सकाळचं कोवळं ऊन पुरतं. वाजवून झाला की कणीक लगेच काढा, ओल्या फडक्यानं पुसा, कोरडं करा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आतल्या आत बुरशी धरते. सुती खोळ घाला, आणि जमिनीवर न ठेवता खुंटीला किंवा फळीवर ठेवा. बी-बियाणं जसं ठेवतो तसंच. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला आपण फवारणीसाठी बघतो, त्यात आर्द्रतेचा आकडा असतो. तो वाढलेला दिसला की कीर्तनाच्या अर्धा तास आधी मंदिरात जाऊन सूर लावून ठेवा.

बियाणं निवडताना आपण जमीन बघतो. भारी जमिनीचं वाण मुरमाड रानात टाकत नाही. वाद्याचंही तेच, कुठं आणि कव्हा वाजणार ते आधी ठरवायचं. तुमच्या मंडळात कोणता पखवाज आहे, पुडी कोणाकडून भरून घेता, तेवढं कळवा. पुडी भरणाऱ्या माणसाला काम मिळालं तरी या लिहिण्याचं चीज झालं.