भांडी वाजली तेव्हा : पेण-रोह्याची टिपणे

आमच्या रोह्याच्या आजीकडे भूकंपाची एकच गोष्ट होती आणि ती भांड्यांची होती. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटेचे सव्वाचार वाजून गेलेले. मांडणीवरची पितळी भांडी किणकिणली. तिला वाटलं, मांजर शिरलं. मग माजघराचे वासे करकरले, तेव्हा आजोबा म्हणाले, "ऊठ, पोरांना घेऊन अंगणात चल." दोन-चार कौलं घसरली, एवढंच. कोयनानगरात काय झालं ते दिवस वर आल्यावर कळलं.

पुढे मी हिशेब मांडून पाहिला. कोयनानगर ते रोहे सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटर. भूकंपाची पहिली लाट, खडकाला दाबत-ताणत येणारी, सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते. ती रोह्यात पोचायला वीस-बावीस सेकंद. दुसरी लाट जमीन आडवी हलवते, घरं पाडते ती हीच. तिचा वेग साडेतीन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ती आणखी पंधरा सेकंदांनी येणार. आधी भांडी, मग वासे. आजीनं क्रम बरोबर सांगितला होता.

•

कोयनेबद्दल दोन गोष्टी नेहमी एकत्र सांगाव्यात. धरणात पाणी साठू लागलं १९६२ च्या सुमारास आणि त्यानंतर परिसरात लहान धक्के सुरू झाले. १९६७ चा धक्का ६.३ तीव्रतेचा होता, सुमारे १८० माणसं गेली. १०३ मीटर उंचीच्या धरणाला तडे गेले, पण धरण उभं राहिलं.

पाण्याच्या वजनानं जमीन फुटली, असं सरसकट म्हणतात ते अपुरं आहे. खडकात ताण आधीपासून साठलेला असतो. पाणी भेगांतून खोल झिरपतं, भेगांमधला दाब वाढवतं आणि एकमेकांना घट्ट धरून बसलेले दोन भाग घसरायला मोकळे होतात. पाणी निमित्त, ताण जुना. तिथं आजवर पाचपेक्षा मोठे वीसहून जास्त धक्के बसलेत. हे खालून पाहावं म्हणून गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल विंधण घेतलं, ते २०१७ साली पुरं झालं. सव्वा किलोमीटर बेसॉल्ट आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक. आपला सह्याद्री किती जाडीच्या चादरीवर उभा आहे, हे त्या एका भोकानं दाखवलं.

•

कुंडलिकेच्या काठी हमखास विचारतात, "मग आमच्या मुळशीचं काय?" प्रश्न रास्त आहे. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून १९२७ पासून या नदीत उतरतं आणि रोह्यावरून खाडीला जातं. उत्तर असं की प्रत्येक धरणाखाली कोयना नसते. त्यासाठी जवळ ताणलेली, घसरायच्या बेतात आलेली भेग लागते. पण भातसा धरणाच्या परिसरातही १९८३ मध्ये धक्के बसले होते. म्हणून कोयनेवरची नोंदयंत्रं जितकी जपतो तितकीच बाकीच्या धरणांवरचीही जपावीत, असं मला वाटतं.

•

पनवेलहून पेणकडे येताना डोंगरांचे थर बघत यावं. घाटमाथ्यावर लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे, चळतीसारखे रचलेले. इथं मात्र ते समुद्राच्या बाजूला कललेले दिसतात. भूशास्त्रात याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. पुढे सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटून दूर गेला आणि आपला किनारा त्या बाजूला वाकला. रोहे-मुरुडकडच्या खडकांत लाव्ह्यानं भरलेल्या उभ्या भिंतीच दिसतात, त्या त्याच ताणाच्या भेगा.

पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, उत्तरेला वज्रेश्वरी, दक्षिणेला थेट राजापूर. गरम कुंडांची ही माळ सह्याद्रीच्या पायथ्याला धरून जाते. खाली ज्वालामुखी धगधगतोय, असं उन्हेऱ्याला कुणी ना कुणी सांगतंच. तसं नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि वर येतं. कुंडात पाय सोडून बसलं की कोकणची जमीन अखंड कातळ नाही, हे पायांना कळतं.

•

पेणच्या गणपतीच्या एका कारखान्यात. फळ्यांवर फळ्या आणि प्रत्येक फळीवर ओळीनं न रंगवलेले गणपती. जागा नाही म्हणून मोठ्या मूर्तीही वरच्या फळ्यांवर चढवलेल्या. मालकांना म्हटलं, "काका, जड मूर्ती खाली घ्या आणि फळ्यांचे खांब भिंतीला बांधून टाका." ते म्हणाले, "आपल्याकडे कुठं होतो भूकंप?"

मला किल्लारी आठवली. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी. विसर्जन करून दमलेली गावं झोपली आणि पहाटे चारच्या जरा आधी जमीन हादरली. भूकंपाच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. जाडजूड दगडी भिंती, दगड धरून ठेवायला फक्त माती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. आठ-दहा हजार माणसं त्याखाली गेली. तो सगळ्यात कमी धोक्याचा पट्टा २००२ च्या नकाशातून काढूनच टाकला. 'आपल्याकडे होत नाही' हे वाक्य तेव्हापासून माझ्या कानाला सहन होत नाही.

•

इथल्या माणसांची दहशत पाण्याची आहे. जुलै १९८९ चा जांभूळपाड्याचा पूर, पावसात इर्शाळवाडी आणि तळियेवर कोसळलेल्या दरडी. ती खरीच आहे. पण पाण्याचं भय पावसाळ्यात येतं, दसऱ्याला ओसरतं. भूकंपाला महिना नसतो.

•

२८ नोव्हेंबर १९४५. मकरान किनाऱ्याजवळ, आजच्या पाकिस्तानात, समुद्रतळाशी मोठा भूकंप. त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत आली, माणसं बुडाली. धरमतरच्या खाडीचं तोंड त्याच समुद्राला आहे. खारबंदिस्तीची उंची ठरवताना ही तारीख कागदावर असावी.

•

आता माझ्या मुख्य काळजीकडे येतो. पेणचा खारेपाट म्हणजे खाडीनं आणून टाकलेला गाळ, बांध घालून पिकवलेला. या मऊ जमिनीत लाट शिरली की तिचा वेग कमी होतो आणि हेलकावा वाढतो. १९८५ साली मेक्सिको सिटीचं असंच झालं. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरवर, पण शहर जुन्या तळ्याच्या चिखलावर. हजारो माणसं मेली. २६ जानेवारी २००१ ला भूकंप कच्छमध्ये झाला आणि दोनशेहून अधिक किलोमीटर दूर अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या कितीतरींना खाली फक्त खांब होते, गाड्या लावायला. वर भिंतींचं ओझं, खाली मोकळं. हलताना सगळा वाक तळमजल्याच्या खांबांवर येतो.

तशाच इमारती आज पेण आणि रोह्याच्या भातशेतांत उभ्या राहताहेत. कौलारू घर कुरकुरायचं, चार कौलं टाकायचं आणि उभं राहायचं. त्याचे लाकडी सांधे थोडे हलायला मोकळे होते. सिमेंटच्या घराला तशी सवलत नाही. त्याला लवचीकपणा मिळतो तो पोलादातून, आणि तो सांभाळतात खांबातल्या रिंगा.

•

रिंग म्हणजे उभ्या सळयांना बाहेरून आवळून धरणारी बारीक सळई. तिची टोकं नुसती काटकोनात वळवून सोडली, तर जोराच्या हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट उडतं, रिंग उघडते आणि उभ्या सळया फुगून वाकतात. टोकं काटकोनापेक्षा अजून अर्धी वळवून, १३५ अंशांत, खांबाच्या पोटात रुतवली तर रिंग धरून राहते. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात हे लिहिलेलं आहे. यासाठी जास्तीचं पोलाद लागतं ते बोटभर. कोकणात आणखी एक पथ्य : खारं पाणी आणि खाडीची रेती काँक्रीटला वापरू नये, आतली सळई गंजून जाते.

घर बांधत असाल, फ्लॅट घेतला असेल, तर खांब भरायच्या आदल्या संध्याकाळी साइटवर जा. रिंगांची टोकं पाहा. आत वळलेली नसतील तर फिटरला तिथंच वळवायला लावा. काँक्रीट पडल्यावर ती पुन्हा दिसत नाहीत.