फक्त आवाज

आईच्या फोनमध्ये मामाचा एक व्हिडिओ होता. खरं तर तो यूट्यूबवर होता, पण आईच्या लेखी फोनमध्येच. ब्रह्मपुरीकडच्या एका गावात झालेलं झाडीपट्टीचं नाटक, त्यातला सव्वादोन तासांचा तुकडा. स्टेजच्या बाजूला बसून मामा पेटी वाजवतोय, मधूनमधून गातोय. गावातल्या मोबाइल दुकानवाल्या पोरानं काढून त्याच्या चॅनलवर टाकला होता.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा पट्टा. दिवाळी झाली की तिथं नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक कंपन्यांचं मुख्य गाव. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा नागपुरातल्या ऑफिसात मी हे सगळं कौतुकानं सांगत होतो. 'माझा मामा पण होता त्यात,' असंही म्हणालो.

त्याच वर्षी एका रात्री आईनं फोन माझ्यासमोर धरला. स्क्रीन काळी. व्हिडिओ उपलब्ध नाही.

मी त्या पोराला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, चॅनल मीच बंद केलं. कोणी पाहतच नव्हतं." आणि मूळ रेकॉर्डिंग? ते मेमरी कार्ड पुसून त्यानं लग्नाच्या शूटिंगला वापरलं होतं.

आई एवढंच म्हणाली, "इतकं कम्प्युटरचं शिकला तू, मामाचा एक व्हिडिओ नाई ठेवता आला?"

हे लागलं, कारण व्हिडिओ उतरवून ठेवणं मला कॉलेजपासून येत होतं. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, पुढं लिंक चिकटवायची, की झालं. टूलचं नाव यूट्यूब-डीएल. रिकार्दो गार्सिया नावाच्या प्रोग्रॅमरनं ते २००६ साली सुरू केलं. आता त्याचीच एक शाखा, वायटी-डीएलपी, जास्त वापरली जाते. यूट्यूब सहसा चित्र आणि आवाज वेगवेगळे साठवतं. हे टूल दोन्ही उतरवतं आणि एफएफएमपेग नावाच्या दुसऱ्या टूलकडून जोडून घेतं. होस्टेलवर रात्री बारानंतर वायफाय बरं चालायचं, तेव्हा मी सगळ्या मजल्याला लेक्चर उतरवून द्यायचो.

ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं गिटहबला कॉपीराइटची नोटीस पाठवली आणि २३ तारखेला यूट्यूब-डीएल तिथून गायब झालं. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं बाजू मांडल्यावर १६ नोव्हेंबरला ते परत आलं. ते २४ दिवस मी घरून काम करता करता मित्रांशी भांडत होतो. टूलचा काय दोष, गावोगावच्या गोष्टी जपायला असं काही हवंच, वगैरे. मामा तेव्हा जिवंत होता. कोरोनामुळं त्याचा तो हंगाम घरीच गेला. एप्रिल २०२१ मध्ये तो गेला. गावोगावच्या गोष्टींवर भाषणं देताना आपल्याच गावची एक लिंक त्या खिडकीत चिकटवायचं मला सुचलं नाही.

जुना लॅपटॉप काढला. होस्टेलच्या फोल्डरमध्ये शोधताना एक फाइल सापडली. मामाचंच नाटक. २०१८ मध्ये मी उतरवलं होतं! पण डिस्क भरत आली होती, म्हणून कमांडमध्ये 'हायफन एक्स' लावलं होतं. ते लावलं की फक्त आवाज उतरतो, चित्र येत नाही. जागा वाचते. जागा कशासाठी वाचवली, तर एका वेब सिरीजसाठी. ती आता कुठंही मिळते.

मी आईला आवाज लावून दिला. वाटलं, रडेल. ती ऐकत बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आता पाह्य, तो मान हलवून तबल्यावाल्याले सांगते, हळू घे म्हणून." खरंच, तबला हळू झाला.

आता मी रीतसर काम करतो. वेगळी हार्ड डिस्क घेतली आहे. वायटी-डीएलपीला उतरवलेल्या व्हिडिओंची यादी ठेवायला सांगितलं आहे, म्हणजे तेच ते पुन्हा उतरत नाही. असं उतरवणं यूट्यूबच्या नियमांत बसत नाही आणि नाटक तर दुसऱ्याचंच असतं. म्हणून आधी चॅनलवाल्याला फोन करतो, विचारतो, उतरवलेलं पुन्हा कुठं टाकत नाही. बहुतेक जण म्हणतात, "ठेव ना दादा, माझ्याकडं तरी कुठं हाये."

आणि रविवारी आई आणि मी मामाची फाइल घेऊन बसतो. ती सांगते, मी वेळ टाकून लिहितो. सिनेमाच्या सबटायटलची असते तशीच फाइल, फक्त हिच्यात संवाद नाहीत, दिसायचं ते आहे. मामानं उपरण्यानं घाम पुसला. नायिका पडद्यामागून डोकावली. पहिल्या रांगेतलं पोरगं झोपलं.

मागच्या रविवारी बराच वेळ आई काही बोलली नाही. मी विचारलं, "इथं काय होतं?"

"इथं काई नाई. नुसता वाजवून राहिला होता," ती म्हणाली. "तेच लिही."