परभृत

इतवारींतील आमच्या जुन्या घरांत, फ्रीजच्या मधल्या खणांत, दुधाच्या पातेल्याशेजारीं एक लहानशी कांचेची कुपी ठेविलेली असते. वैशाखांत नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांपुढें चढतो, घरांतील माणसें उकाड्यानें हैराण होतात. ह्या कुपीस मात्र दोन ते आठ अंशांच्या आंतच सांभाळावें लागतें. ती इन्सुलीनची कुपी होय. साठी उलटल्यावर मधुमेहानें आम्हांस गांठलें, आणि तेव्हांपासून रोज दोन वेळां आम्ही स्वहस्तें सुई टोंचून घेत आहों. वाचकांस ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. आम्हांस ती तशी कां वाटत नाहीं, हें सांगण्यासाठींच आज लेखणी उचलली आहे.

आमची आई लहानपणींच गेली. ऐन तारुण्यांत वैधव्य आलेल्या आमच्या आत्यानें आम्हांस वाढविलें. १९७६ सालीं तिच्या मधुमेहानें उग्र रूप धरलें व डॉक्टरांनीं इन्सुलीन सुरू केलें. आम्ही त्या वेळीं मॅट्रिक होऊन नुकतेच शिक्षकाच्या पेशांत शिरलों होतों. महालांतील एका शास्त्रीबोवांकडे व्याकरणाचा पाठही चालू होता. एके दिवशीं आत्यानें सहज विचारलें, “बाळ, हें औषध कशाचें रे?” वेष्टनावरील बारीक इंग्रजी अक्षरें आम्हीं वाचलीं आणि जसाच्या तसा अर्थ सांगितला: गुरांच्या स्वादुपिंडाचें. आत्या रागावली नाहीं, रडली नाहीं. “उद्यांपासून सुई नको,” एवढेंच म्हणाली.

आपत्काळीं प्राणरक्षणासाठीं शास्त्र सवलत देतें, हें आम्हांस त्या वेळींही ठाऊक होतें. तें आम्हीं तिला सांगितलें नाहीं. सत्य बोलल्याचा अभिमान इतका होता कीं, पुढचें वाक्य बोलण्याची गरजच वाटली नाहीं. पायाची जखम चिघळली आणि चार महिन्यांत आत्या गेली. त्या अभिमानाचीच पुढें आम्हांस जन्मभर लाज वाटत आली आहे.

वेष्टनावरचा मजकूर खोटा नव्हता. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग आणि बेस्ट यांनीं हा रस वेगळा काढला, तेव्हांपासून सुमारें साठ वर्षें जगाचें इन्सुलीन कत्तलखान्यांतील डुकरांच्या व गुरांच्या ग्रंथींतूनच येत होतें. मानवी इन्सुलीन म्हणजे एक्कावन्न दुव्यांच्या दोन सांखळ्या. डुकराचें इन्सुलीन त्याहून एका दुव्यानें वेगळें, गुरांचें तीन दुव्यांनीं. परंतु ज्या १९७६ सालीं आमच्या घरीं हें दुःख ओढवलें, त्याच सालीं कॅलिफोर्नियांत हर्बर्ट बोयर यांनीं एका भागीदारासह जेनेनटेक नांवाची कंपनी काढली. १९७८ सालीं मानवी इन्सुलीन जीवाणूंकडून करवून घेण्यांत यश आलें आणि १९८२ मध्यें अमेरिकेंत त्याच्या विक्रीस परवानगी मिळाली.

हें कसें साधतें, तें आमच्या पुतणीनें आम्हांस समजाविलें. ती जीवरसायनाची विद्यार्थिनी आहे. प्रयोगशाळेंत असल्या कामाचें साहित्य आतां तयार संचाच्या रूपानें, लहानशा पेटींतून येतें. त्यांतील मुख्य वस्तु म्हणजे प्लाझ्मिड. जीवाणूच्या मुख्य गुणसूत्राहून निराळें असें हें डीएनएचें लहानसें वलय असतें. विशिष्ट जागींच कापणाऱ्या विकरानें तें उघडावयाचें, हवें तें जनुक त्यांत जोडावयाचें, आणि मग जीवाणूंस बर्फांतून काढून क्षणभर बेचाळीस अंशांची ऊब द्यावयाची, म्हणजे कांहीं जीवाणू तें वलय आंत घेतात. त्याच वलयावर एका प्रतिजैविकास दाद न देणारें जनुकही असतें. म्हणून तें औषध घातलेल्या खाद्यावर वलयधारी तेवढे जगतात, बाकीचे मरतात. अनुकूल स्थितींत हे जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. पुरेसे वाढले कीं दुग्धशर्करेच्या जातीचें एक रसायन टाकावयाचें. तो इशारा मिळतांच जीवाणू स्वतःस निरुपयोगी असें तें प्रथिन करीत सुटतो.

“आणि काका,” ती म्हणाली, “प्रथिनाला आम्ही सहा हिस्टिडिनांची शेपटी जोडतों. ती निकेलला चिकटते, त्यामुळें हजारों प्रथिनांतून आपलें तेवढें उचलतां येतें. काम झालें कीं शेपटी छाटूनही टाकतां येते.”

आम्ही हसलों. “अग, हा तर पाणिनीचा अनुबंध!” ‘क्त’ प्रत्ययांतील ककार आपलें कार्य दाखवितो आणि गळून पडतो, ‘गत’ ह्या रूपांत त्याचा मागमूसही राहत नाहीं. व्याकरण शिकविण्यांत आयुष्य गेलें, पण ककाराचा असा भाऊबंद प्रयोगशाळेंत भेटेल असें स्वप्नांतही वाटलें नव्हतें.

तथापि हा शिष्य निर्दोष नाहीं. अर्थ न जाणतां पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणें तो दुवे बिनचूक जोडतो, पण पुष्कळदां त्यांची घडी चुकवितो व अंगांत नुसते गोळे साठवितो. ते विरघळवून प्रथिनास पुन्हां नीट घडी घालावी लागते. म्हणून कोणी जीवाणूऐवजीं यीस्टकडे वळतात. आपल्या महाराष्ट्रांतील वोखार्ट कंपनीनें २००३ सालीं बाजारांत आणलेलें मानवी इन्सुलीन यीस्टकडूनच करविलेलें होतें.

संस्कृतांत कोकिळेस परभृत म्हणतात, कारण तिचें पिलूं कावळा वाढवितो. आमच्या कुपींतील इन्सुलीन असेंच परभृत आहे: सूत्र माणसाचें, पोषण जीवाणूच्या घरीं. हा जीवाणूही कोठला, तर माणसाच्या आंतड्यांत राहणाऱ्या कुळांतला! सोंवळें-ओंवळें जन्मभर पाळणाऱ्या आत्यास हें औषध चाललें असतें काय? आम्हीं पुतणीस हा प्रश्न केला. ती थोडा वेळ थांबून म्हणाली, “काका, तें तुम्ही तिला कसें सांगितलें असतें, त्यावर होतें.”

ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. सायंकाळीं फ्रीज उघडून कुपी हातांत घेतली. आज आत्या समोर बसली असती आणि तिनें तोच प्रश्न केला असता, तर आम्ही खरें तेंच सांगितलें असतें; परंतु सांगून झाल्यावर तेथून उठलों नसतों.